अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या पोरांना आता कॉलेजच पैसे देतंय, मग तो खेळ तसाच राहील का?

दादर_वेस्ट:
माझा मावसभाऊ कोलंबसला शिकतो, ओहायो स्टेटमध्ये, त्याच्या नादाने मलाही कॉलेज फुटबॉलचं वेड लागलंय (आपला फुटबॉल नाही, तो हेल्मेटवाला). शनिवारी रात्री साडेनऊला मॅच चालू होते आपल्याकडे, आणि स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस, सगळे लाल कपड्यात, आणि खेळणारी पोरं कोण तर कॉलेजात शिकणारी. मला तेच आवडतं, की स्वतःच्या कॉलेजसाठी जीव तोडून खेळतात.

आता 1 जुलै 2025 पासून कॉलेज स्वतः त्यांना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाला एका कॉलेजला लिमिट 2 कोटी 5 लाख डॉलर, सगळे खेळ मिळून, म्हणजे आपले साधारण 175 कोटी. तुलनेला सांगतो, 2025 च्या आयपीएलच्या लिलावात एका टीमला 120 कोटीच खर्च करता येत होते. मग पुढे काय होणार? ज्यांच्याकडे पैसा तीच आठ-दहा कॉलेजं कायम जिंकणार का, आणि पोरांचं कॉलेजवरचं प्रेम राहणार का? ज्यांना तिकडचं माहितीय त्यांनी जरा नीट सांगा, कारण भावाला विचारलं की तो फक्त स्वतःच्या टीमबद्दल बोलतो.

मुलुंड_ते_मिशिगन:
मी ॲन आर्बरला (म्हणजे मिशिगन, ओहायो स्टेटचे कट्टर वैरी) एमएस केलं, त्यामुळे ओहायो स्टेटबद्दल माझं मत धरू नकोस, पण उदाहरण त्यांचंच देतो कारण तेच सगळ्यात बरोबर बसतं. 2010 च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या पाच प्लेयरवर पाच-पाच मॅचची बंदी आली. गुन्हा काय, तर स्वतः जिंकलेल्या अंगठ्या आणि इतर वस्तू विकल्या आणि टॅटू स्वस्तात काढून घेतले. पुढच्या वर्षी त्या भानगडीत कोच जिम ट्रेसलला राजीनामा द्यावा लागला. आणि तेच ओहायो स्टेट जानेवारी 2025 मध्ये नॅशनल चॅम्पियन झालं तेव्हा त्या टीमच्या पोरांना मिळून वर्षाला 2 कोटी डॉलरच्या आसपास मिळतायत हे तिथल्या ॲथलेटिक डायरेक्टरने उघडपणे सांगितलं. पंधरा वर्षं पण झाली नाहीत मधे.

आणि पैसा या खेळात नवीन आलेला नाही रे. 1984 साली सुप्रीम कोर्टाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची (कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संघटना) पकड मोडली, तेव्हापासून कॉलेजं आणि कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचे गट) आपापल्या मॅचेस विकायला लागले आणि आकडा अब्जांत गेला. तो पैसा कोचला मिळाला, स्टेडियमला मिळाला, पोरांना मात्र फी, राहणं, जेवण याच्यापलीकडे फार काही नाही. टेक्सास ए अँड एमने 2023 मध्ये कोच जिंबो फिशरला काढलं तेव्हा करार मोडल्याबद्दल साडेसात कोटी डॉलरच्या वर कबूल केले, एकट्याला! त्याच मैदानावर 2021 पर्यंत गुडघा फुटलेल्या पोराला जर्सीवर सही करून शंभर डॉलर घ्यायची बंदी होती. मला यात न्याय कधीच दिसला नाही.

मग जून 2021 मध्ये ऑल्स्टन केसमध्ये सुप्रीम कोर्टाचा खेळाडूंच्या बाजूने आणि एनसीएएच्या विरोधात नऊ-शून्य निकाल आला, 1 जुलै 2021 पासून पोरांना स्वतःच्या नावा-फोटोवर जाहिरातीचे पैसे घेता यायला लागले (त्यालाच एनआयएल म्हणतात), आणि 6 जून 2025 ला जज क्लॉडिया विल्कनने हाउस केसची (तीही खेळाडूंनीच एनसीएएवर केलेली) सेटलमेंट मंजूर केली. त्यात जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत 2.8 अब्ज डॉलर भरपाई आणि नव्यांना तू म्हणतोस तो वाटा.

बोरिवली_फास्ट:
पैसे मिळायलाच हवेत, माझाही विरोध नाही, पण बघणाऱ्याचं काय ते कोणी बोलत नाही. पूर्वी पोरगा अठराव्या वर्षी यायचा, पहिल्या वर्षी बेंचवर, तिसऱ्या वर्षी स्टार, आणि तुम्ही त्याला मोठं होताना बघायचात, ह्या खेळाची सगळी मजा त्यातच होती. आता 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असेल तर नाव टाकायची यादी) आलं, 2021 पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची अट गेली आणि 2024 पासून कितीही वेळा बदला, फक्त अभ्यासात पास असलं पाहिजे. टेनेसीचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीमचा मुख्य प्लेयर) निको इयामालेआवा, टीम प्लेऑफला गेली त्याच्याबरोबर, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये पैशाच्या बोलण्यावरून बिनसल्याच्या बातम्या आल्या आणि तो यूसीएलएला गेला. टेनेसीच्या पब्लिकने त्याच्या नावाची जर्सी विकत घेतली होती हो. दरवर्षी अर्धी टीम नवीन असेल तर मी प्रेम कोणावर करू?

प्रभादेवी_रेडर:
बोरिवली भाऊ, तुम्ही यूसीएलएचं नाव घेतलं म्हणून बोलतो. ते यूसीएलए स्वतःच 2024 ला जुनी कॉन्फरन्स पॅक-12 सोडून बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेलं ना? टीव्हीच्या पैशासाठी. लॉस एंजेलिसच्या कॉलेजची कॉन्फरन्समधली मॅच आता न्यू जर्सीच्या रट्गर्सशी, आणि मागे पॅक-12 मध्ये दोनच कॉलेजं उरली, ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. शंभर वर्षांची नाती कॉलेजांनी तोडली तर तो धंदा, आणि वीस वर्षाच्या पोराने तोडली तर निष्ठा नाही, असं कसं चालेल.

मी कबड्डी खेळलोय, मंडळाकडून आणि मग कंपनीकडून, तर मला हा विषय जवळचा आहे. आपल्याकडे मुंबईत स्पर्धेला स्थानिक गट वेगळा आणि व्यावसायिक गट वेगळा, व्यावसायिक म्हणजे रेल्वे, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा असल्या टीम. पोरगा चांगला खेळला की आई एकच विचारायची, नोकरी लागली का. आणि नोकरी लागली म्हणून कोणी म्हटलं नाही की आता ह्याचं खेळावरचं प्रेम गेलं, उलट नोकरी लागली म्हणूनच तो तीस-बत्तीसपर्यंत खेळू शकला, नाहीतर विसाव्या वर्षी डिलिव्हरीच्या कामाला लागला असता. 2014 ला प्रो कबड्डी आली, वरळीच्या एनएससीआयला फायनल झाली, पहिल्या लिलावात सगळ्यात महाग प्लेयर राकेश कुमार 12 लाख 80 हजारांना गेला आणि 2018 मध्ये बोली कोटीच्या वर गेली. पैशाने खेळ बिघडला नाही. मातीवरून मॅटवर गेला, पोरं फिट झाली, फिजिओ आले.

पण एक फरक आहे आणि मला वाटतं खरा मुद्दा तोच. आमच्याकडे नोकरी होती म्हणजे अपॉइंटमेंट लेटर होतं, पीएफ होता, लागलं तर मेडिकल होतं. प्रो कबड्डीत करार आहे. अमेरिकेत त्या पोरांना पैसे देतात पण नोकर मानत नाहीत. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल टीमने 2014 मध्ये युनियनसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी तिथल्या लेबर बोर्डाने हात वर केले. म्हणजे पगार आहे पण कामगार नाही. युनियन नाही म्हणून कॉलेजांशी एकत्र बसून करार करणारं कोणी नाही, असा करार नाही म्हणून कोर्टात टिकेल असा ट्रान्सफरचा नियम नाही, आणि मग दर जानेवारीला पळापळ. एनएफएलमध्ये (तिथली प्रोफेशनल फुटबॉल लीग) पैसा याच्या कितीतरी पट आहे, तिथे पोरं अशी पळतात का? नाही, कारण तिथे युनियन आहे आणि मालकांबरोबर सही केलेला करार आहे. मी गिरणगावातला, घरात युनियनची मीटिंग बघत मोठा झालो, मला हे अगदी मनापासून वाटतं की त्या पोरांना कामगार म्हणा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

दादर_वेस्ट:
हे करार नसल्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, थँक्स. पण श्रीमंत कॉलेजचं काय? लिमिट सगळ्यांना सारखं असलं तरी 175 कोटी द्यायची ऐपत सगळ्यांची थोडीच असणार.

मुलुंड_ते_मिशिगन:
नसणारच. पेनसिल्व्हेनियाच्या सेंट फ्रान्सिसने तर मार्च 2025 मध्ये जाहीर करून टाकलं की आम्ही डिव्हिजन वन (सगळ्यात वरचा गट) सोडून डिव्हिजन थ्रीमध्ये (सगळ्यात खालच्या) जातो. छोट्यांचं कठीण आहे, ते मी नाकारत नाही.

पण वरच्या गटात उलटं होताना दिसतंय. पैशांवर बंदी होती तेव्हा चांगला पोरगा अलाबामाला जायचा, तिसऱ्या नंबरवर का होईना तिथेच बसायचा, कारण दुसरीकडे त्याला देण्यासारखं कोणाकडे काही नव्हतंच. आता तोच तिसऱ्या नंबरचा पोरगा बघतो की दुसरं कॉलेज पैसे पण देतंय आणि पहिल्या मॅचपासून खेळवतंय. ऑक्टोबर 2024 मध्ये व्हँडरबिल्टने अलाबामाला 40-35 हरवलं, अलाबामा तेव्हा नंबर वन होतं आणि व्हँडरबिल्ट म्हणजे वर्षानुवर्षं सगळ्यांकडून मार खाणारी टीम, लोकांनी गोलपोस्ट उपटून नॅशव्हिलच्या रस्त्यांतून नेऊन नदीत टाकले. क्वार्टरबॅक कोण, तर डिएगो पाविया, ट्रान्सफर होऊन न्यू मेक्सिको स्टेटहून आलेला. बोरिवली, अशी मॅच बघितल्यावर नवीन पोरावर पण प्रेम बसतं बघ.

बोरिवली_फास्ट:
ती मॅच मी पण जागून बघितली होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पोर्टलची मुदत वर्षातून एकदाच आणि छोटीच राहायला हवी आणि निदान दोन वर्षांचा करार हवा, यावरून मी हटणार नाही.

ठाण्याची_आई:
सगळे फुटबॉलबद्दलच बोलताय म्हणून लिहिते. माझी मुलगी स्विमिंग करते, बारावीनंतर तिकडे स्कॉलरशिपवर जायचं मनात आहे, म्हणून मी हे सगळं वाचत असते. ज्या हाउस केसमुळे हे झालं तो ग्रँट हाउस ॲरिझोना स्टेटचा स्विमर! आणि भरपाईचं गणित काय निघालं तर मोठ्या कॉन्फरन्समध्ये साधारण 75 टक्के फुटबॉलला, 15 टक्के मुलांच्या बास्केटबॉलला, 5 मुलींच्या बास्केटबॉलला आणि बाकी सगळ्या खेळांना मिळून 5. नवीन पैसे वाटतानाही बरीच कॉलेजं हेच प्रमाण धरतायत. मुलींना समान वागणूक द्यायचा त्यांचा कायदा 1972 पासून आहे, टायटल नाइन, त्याच मुद्द्यावर काही खेळाडू मुली 2025 मध्ये अपिलात गेल्या. शिवाय टीममध्ये किती जण ठेवायचे यावर आता मर्यादा आहे, फुटबॉलला 105, स्विमिंगलाही आकडा ठरलेला, म्हणजे शेवटच्या जागांवर येणाऱ्या मुलांना आता दारच बंद. फुटबॉलच्या पोरांना मिळू दे, त्यांचे हात-पाय मोडतात, डोक्याला मार बसतो, पण तोच फुटबॉलचा पैसा इतकी वर्षं बाकीचे खेळ चालवत होता, तो आता पोरांकडे वळला तर स्विमिंग पूल कोण चालवणार, ही काळजी मला रात्री झोपू देत नाही.

आणि एक विचारायचंय, आपल्याकडून एफ-1 व्हिसावर (स्टुडंट व्हिसा) गेलेल्या मुलांना हे पैसे घेता येतात का?

मुलुंड_ते_मिशिगन:
ताई, तिथे फार सांभाळून. एफ-1 वर परवानगीशिवाय बाहेर काम करता येत नाही, आणि एनआयएलचे पैसे काम धरायचे की नाही हे अजून कोणी स्पष्ट केलेलं नाही, त्यामुळे बरेच परदेशी खेळाडू जाहिरात तिकडे करतच नाहीत, सुट्टीत मायदेशी आले की करतात. स्कॉलरशिपला काही अडचण नाही, ती बिनधास्त घ्या. पण बाकी कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, कोचच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कारण व्हिसा गेला तर मुलीचा जाईल, कोचचं काही जात नाही. आणि अर्ज करताना प्रत्येक कॉलेजला सरळ विचारा की स्विमिंगची टीम पुढची चार वर्षं ठेवणार आहात का.