दीड गुंठ्यावरचे घरकुल : ‘परवानगी लागत नाही’ म्हणजे नेमके काय?

कोयनाकाठ (पाटण)

नमस्कार. पाटण तालुक्यातील आमच्या गावी गावठाणात वडिलोपार्जित दीड गुंठा जागा असून तिच्यावरचे दगडमातीचे जुने घर आता राहण्याजोगे उरलेले नाही. आईच्या नावे प्रधानमंत्री आवास योजनेतून (ग्रामीण) घरकुल मंजूर झाले आहे. अनुदानात पदरची रक्कम घालून दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधावे, पुढेमागे वर एक मजला चढवता यावा, असा विचार आहे. गावातील जाणकार म्हणतात की सोळाशे चौरस फुटांपर्यंत आता कसलीही परवानगी लागत नाही, तेव्हा गवंड्याला बोलावून थेट पाया खणावा. गवंडी अनुभवी आहे. मात्र तो सगळी घरे नऊ इंची कॉलमवरच उभी करतो आणि नकाशाची गरज नाही असे सांगतो. परवानगी लागत नसेल, तर बांधकामाचे नियमही लागू होत नाहीत का? होत असतील, तर ते पाळले गेले की नाही हे सरकारच्या वतीने कोण पाहते?

नकाशा_सातारा

मी साताऱ्यात वास्तुविशारद म्हणून काम करतो. गावात जे सांगितले जात आहे ते अर्धे बरोबर आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बांधकामाची नियमावली, लागू झाली. तिच्यानुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घर ‘कमी जोखमी’च्या गटात येते आणि १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतचे ‘मध्यम जोखमी’च्या गटात. पहिल्या गटात स्वतंत्र परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पण मालकीची कागदपत्रे, परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने नियमानुसार असल्याचे प्रमाणित केलेला नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती एवढे ग्रामपंचायतीत द्यावेच लागते. दुसऱ्या गटात याच कागदांवर दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळणे अपेक्षित आहे. म्हणजे छाननी गेली, नियम राहिले, आणि ते पाळल्याची जबाबदारी कार्यालयाकडून मालकाकडे व सही करणाऱ्या तांत्रिक व्यक्तीकडे आली.

आपल्या बाबतीत एक बारकावा आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्यामुळे दीड गुंठा सुमारे १६३३ चौरस फूट, म्हणजे १५१ चौरस मीटरहून थोडा अधिक भरतो. नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीच्या उताऱ्यावर) पूर्ण दीड गुंठा नोंदलेला असेल, तर आपण पहिल्या नव्हे, दुसऱ्या गटात आहात.

ही सवलत मला मुळात योग्य वाटते. १९६६ च्या नगररचना अधिनियमात साठ दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाल्याचे मानण्याची तरतूद पूर्वीपासून आहे; पण दोन खोल्यांचे घर बांधणाऱ्याने तिचा आधार घेऊन काम सुरू केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. लोक एक तर खेटे घालत किंवा नकाशाच न करता बांधत.

कृष्णाकाठ_सांगली

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत नाही. या नियमावलीत जोखीम भूखंडाच्या आकारावरून ठरते, जागेवरून नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेले. त्या पाण्याखाली सर्वाधिक काळ राहिलेली घरे गुंठा-दोन गुंठ्यांवरचीच होती. नदीपात्र आणि निळी पूररेषा (वरचेवर येणाऱ्या पुराची हद्द) यांच्यामधल्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, आणि निळ्या व लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या हद्दीच्या) दरम्यान बांधायचे तर ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर हवे, असा नियम आहे. नियम चांगला आहे. परंतु शामरावनगरसारख्या सखल भागात वस्ती आधी झाली आणि कागद नंतर आले. गुंठेवारी, म्हणजे परवानगीविना पाडलेले गुंठ्या-गुंठ्यांचे भूखंड, नियमित करण्याचा कायदा २००१ चा. त्याची मुदत पुढे वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना तो लागू केला गेला. जे बांधले ते कधी ना कधी नियमित होते, हे एकदा लोकांना कळले की नकाशासाठी पैसे कोण घालणार? रहिवाशांना दोष देण्याचा हेतू नाही. परवडणारी जागा त्यांना तेवढीच मिळाली होती. मोठ्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) वीस टक्के घरे दुर्बल घटकांसाठी राखण्याचे बंधन दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांना आहे. २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास असलेल्या सांगली-मिरज-कुपवाडला ते लागू होत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

पूररेषेचा मुद्दा योग्य आहे, परंतु प्रश्न पाटणचा आहे आणि तेथे मुख्य विषय भूकंपाचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात दीडशेहून अधिक माणसे गेली. तोवर दख्खनचे पठार स्थिर समजले जाई; त्यानंतर भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा सुधारून कोयना परिसर चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या, विभागात घालण्यात आला. ‘कमी जोखमी’च्या गटातले घर चौथ्या विभागात उभे राहू शकते, ही विसंगती मलाही खटकते.

प्रश्नकर्त्याने गवंड्याच्या नऊ इंची कॉलमचा उल्लेख केला आहे, त्याविषयी सविस्तर लिहितो. भारतीय मानक १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार अशा विभागात कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. नऊ इंच म्हणजे जेमतेम २३०. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांची टोके १३५ अंशांत वाकवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात गेली पाहिजेत, आणि बीम-कॉलमच्या जोडाजवळ रिंगा जवळजवळ हव्यात. आपल्याकडे सर्रास ९० अंशांत वाकवतात, कारण तसे वाकवणे सोपे जाते. हादरा बसला की सळ्यांवरचे काँक्रीटचे कव्हर निखळते, रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात.

आता पैशाचे पाहू. योजनेचे मूळ अनुदान सपाट भागासाठी १,२०,००० रुपये आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. हिशेब केला तर चौरस फुटाला ४५० रुपयेही येत नाहीत. २०१६ पासून हा आकडा तोच आहे. राज्याने २०२५ मध्ये त्यात ५०,००० रुपयांची भर घातली, पण तिचा काही भाग छतावरील सौर यंत्रणेसाठी आहे. रोजगार हमीची मजुरी, शौचालयाचे १२,००० रुपये आणि पाच ब्रास मोफत वाळू धरली, तरी एवढ्यात नियमाप्रमाणे कॉलम-बीमचा सांगाडा बसत नाही. म्हणून लोखंडात काटछाट होते. त्यापेक्षा भारवाही भिंतींचे (छताचा भार भिंतींनीच पेलणारे) विटांचे घर बांधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लिंथला (जोत्याला), लिंटेलला (दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीला) आणि भिंतीच्या माथ्यावर सळ्या घातलेली काँक्रीटची सलग पट्टी फिरवायची, कोपऱ्यांत पायापासून एकेक उभी सळी घ्यायची, दारे-खिडक्या कोपऱ्यांना चिकटू द्यायच्या नाहीत. मानक ४३२६ मध्ये हे सर्व दिलेले आहे. कॉलमचे म्हणजेच पक्के, ही समजूत घरकुलांचे फार नुकसान करते.

कोण पाहते, या प्रश्नाचे उत्तर असे की घरकुलाचे हप्ते टप्प्याटप्प्याच्या छायाचित्रांवर सुटतात. जागेच्या अक्षांश-रेखांशांसह काढलेल्या त्या छायाचित्रात भिंत लिंटेलपर्यंत आली एवढे दिसते. पट्टीत सळ्या किती आहेत आणि त्या कोपऱ्यात वळवल्या की नाही, हे दिसत नाही. ते तपासणारा शासकीय माणूस काँक्रीट ओतण्याच्या दिवशी आपल्या दारात येणार नाही. ज्या अभियंत्याची सही घ्याल त्याच्याशीच ठरवून प्रत्येक पट्टीच्या आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी त्याला बोलवा, आणि तपासणीचे शुल्क सहीच्या शुल्कात मिसळू देऊ नका, वेगळे ठरवा.

नकाशा_सातारा

ओव्हरसियर साहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. १९७२ चा वास्तुविशारद अधिनियम ‘वास्तुविशारद’ या पदनामाला संरक्षण देतो, कामाला नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे केवळ सहीपुरते भेटणारे पुष्कळ सापडतील. सळ्यांचा तपशील दाखवणारे वेगळे रेखाचित्र मागा. ते देण्यास जो टाळाटाळ करील, त्याची सही घेऊ नका.

कोयनाकाठ (पाटण)

सर्वांचे आभार. नमुना ८ काढून पाहिला. त्यावर १६३३ चौरस फूटच आहे, तेव्हा प्रारंभ प्रमाणपत्रासाठी अर्ज करतो. एक शंका उरते. भारवाही भिंतींवर पुढे मजला चढवता येईल का, की त्यासाठी आतापासून कॉलमच्या सळ्या वर सोडाव्यात?

निवृत्त_ओव्हरसियर

चढवता येईल, मात्र पायाची रुंदी आणि भिंतीची जाडी आजच दोन मजल्यांच्या हिशेबाने धरावी लागेल, आणि अभियंत्याला तसे पहिल्या दिवशीच सांगावे लागेल. कोपऱ्यांतल्या उभ्या सळ्या पुढे जोडता येतील एवढ्या ठेवून, त्यांच्यावर कमी सिमेंटचे काँक्रीट ओतून त्या झाकून टाका. पाटणच्या पावसात उघडी सोडलेली सळी काही वर्षांत गंजून पापुद्रे धरते, आणि मजला चढवायच्या वेळी तीच कापून काढावी लागते.