मदत हवी आहे: विंडोजमधला डिफेंडर अँटिव्हायरस पुरेसा आहे का, आणि रिकव्हरी की (डिस्कचं कुलूप उघडायचा लांबलचक आकडा) कुठं ठेवायची?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून हिशोबासाठी विंडोज ११चा नवा लॅपटॉप घेतला. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं आणि डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं) आपोआप चालू झालं. लॅपटॉप चोरीला गेला तरी डेटा वाचता येणार नाही, हे पटतं. पण रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसली. कुलूप आपलं, किल्ली शेजाऱ्याकडं! ती तिथून काढून टाकून कागदावर लिहून तिजोरीत ठेवली तर चालेल का? कागद हरवला तर सगळंच गेलं, ही धास्ती आहेच.

दुसरं, डिफेंडर संशयास्पद फाइलींचे नमुने आपोआप मायक्रोसॉफ्टकडं पाठवतो. व्यापाऱ्यांची बिलं त्यात जायला नकोत म्हणून ते बंद केलं, क्लाउड संरक्षण (संशयास्पद फाइलींची मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून पडताळणी) मात्र चालू ठेवलंय. बरोबर केलं का?

मी रोज साध्या खात्यातून काम करतो, अॅडमिन खातं वेगळं, दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप. पण आमचे दिवाणजी 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' अशी पीडीएफचं सोंग घेतलेली प्रोग्रॅमची फाइलसुद्धा बिनधास्त उघडतील. त्यांच्यासाठी विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का? दुकानदार घ्याच म्हणतो, पण तो विकायलाच बसलाय.