‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’: विनोदाने थरार मारला का?

पेठकर: रविवारी आईबाबांसोबत हिचकॉकचा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) पाहिला. जाहिरातवाला रॉजर थॉर्नहिल. हॉटेलात पोऱ्या ‘कॅपलन’ असा पुकारा करतो, नेमका तेव्हाच हा त्याला बोलावतो आणि हेर समजून उचलला जातो. मुळात कॅपलन नावाचा माणूसच नाही! इतकी जबर कल्पना, पण मारेकरी मागे लागलेले असताना हा गडी कोट्या करतो. त्यालाच भीती नाही, तर मला का वाटावी? मक्याच्या शेतापाशी विमान अंगावर येतं तेव्हा तो गप्प असतो, पार्श्वसंगीतही नाही. तिथेच माझ्या तळहाताला घाम फुटला. हेरपटात विनोद नकोच.

डेक्कनची मैना: अजिबात सहमत नाही. लिफ्ट आठवा. मारेकरी शेजारी उभे, आणि त्याची आई त्यांनाच विचारते, माझ्या मुलाला खरंच मारणार आहात का? आधी ते हसतात, मग अख्खी लिफ्ट. त्या हसण्यानेच तो एकटा पडतो, मदत मागणार कोणाकडे? लिलावातही दारं अडवलेली, म्हणून तो वेडीवाकडी बोली लावतो, पोलिसांनी धरून न्यावं म्हणून मारामारी करतो. पटकथाकार अर्नेस्ट लेहमनचा विनोद काढून टाकलात, तर तो तिथून सुटणार कसा?

कर्वेनगरकर: पेठकरांना अनुमोदन. आई झालेली जेसी रॉइस लँडिस रॉजर झालेल्या कॅरी ग्रँटहून सातेक वर्षांनीच मोठी, तेही खटकतं.

सिंहगडरोड: तुम्ही सगळे नायिकेला, ईव्हला विसरलात! खरी हेर तीच. विमानाच्या तोंडी त्याला तीच धाडते. नंतर तो जिवंत समोर येतो, ती धावत जाऊन बिलगते, पण त्याचे हात तिच्या पाठीजवळ येऊन थबकतात. प्रेमही तिथेच, संशयही तिथेच. माझ्यासाठी सिनेमा म्हणजे तो क्षण. एवढ्या धाडसी बाईला शेवटी ‘मिसेस थॉर्नहिल’ करून रेल्वेच्या बर्थवर ओढून घेतलं, याचा मला अजून राग येतो.

पेठकर: लिफ्टचं मान्य. रात्री परत पाहिलं, हसता हसता पोटात गोळा आला. पण शेवट नाही पटत. माउंट रशमोरच्या कड्यावर ईव्ह लोंबकळतेय आणि पुढच्या क्षणी रेल्वेचा डबा? वर कशी आली, ते दाखवायला हवं होतं.

डेक्कनची मैना: हात तोच, ओढणं तेच, फक्त जागा बदलली! त्यातच सगळं आलं. तुमचे आईबाबा काय म्हणाले तिथे?

पेठकर: बाबांनी टाळी वाजवली. आई म्हणाली, “आली गं बाई वर!”