मदत हवी आहे: रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची फिरती शक्ती अवजाराला देणारा, एकमेकांत सरकणाऱ्या दोन पाइपांचा दांडा) किती कापावा?

४५ एचपीच्या ट्रॅक्टरला ५ फुटी जुना रोटाव्हेटर जोडत आहे. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचे फिरते टोक) ६ स्प्लाइनचा म्हणजे ६ खाचांचा, ५४० आरपीएमचा असून शाफ्टचे दोन्ही जॉइंट नीट बसतात आणि लॉकपिनही खाचेत अडकते. मात्र हायड्रॉलिकने अवजार उचलताना शाफ्ट सरळ रेषेत येताच आतला पाइप बाहेरच्या पाइपात तळापर्यंत टेकतो. असाच चालवला तर पीटीओचे बेअरिंग जाईल, म्हणून काम थांबवले आहे. टॉप लिंक (अवजाराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा) कमीजास्त करून पाहिली, पाइप साफ करून ग्रीसही लावले. फरक पडला नाही. आखूड शाफ्ट सध्या घेणे शक्य नाही. दोन्ही पाइप आणि त्यांवरील प्लास्टिकची कव्हरे सारख्याच मापाने कापायची, एवढे माहीत आहे. परंतु सर्वांत जवळच्या स्थितीत टोकाशी किती मोकळी जागा ठेवावी आणि अवजार पूर्ण खाली असताना पाइप एकमेकांत निदान किती सेंटिमीटर राहिले पाहिजेत?