प्रति : टीपीएम नाही म्हणून संगणक बदलणे
विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप किंवा प्रोसेसरमधली तशीच सोय) लागते, म्हणून ‘टीपीएम २.० नाही’ असे दाखवणारा प्रत्येक संगणक बदलावाच लागेल, हे चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या बहुतेक प्रोसेसरांसोबत ही सोय मिळतेच. सुटे भाग जोडून घेतलेल्या संगणकांत ती बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बरेचदा बंद असते, इंटेलवर ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने.

चर्चेत न आलेला मुद्दा डिस्कचा आहे. कोपरखैरण्यात आमच्या शेजारच्या मुलाचा संगणक विकायला निघाला होता, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा खेळ टीपीएमबरोबर सिक्युअर बूटही (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रणालीच चालू देणारी सोय) मागतो आणि ते चालू होत नव्हते. डिस्कवरच्या विभागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची होती, आणि सिक्युअर बूटसाठी विंडोजच्या डिस्कला नवी जीपीटी पद्धत लागते. विंडोजमधलीच ‘एमबीआर२जीपीटी’ ही आज्ञा डेटा न पुसता ती जीपीटीमध्ये बदलते. त्यानंतर बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद केले आणि काम झाले. हे सगळे करण्याआधी बॅकअप घ्यावा, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, हे मी अत्यंत आग्रहाने सांगेन.