घरगुती जोडधंदा खरंच परवडतो का? माझ्या दोन हिवाळ्यांचा हिशोब

मानेवाड्याची ताई

थंडी लागली की आपल्या नागपुरात प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर ‘घरगुती सांबारवडी मिळेल’ (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर) असा मेसेज येतो. मीही टाकायची. दोन हिवाळे केलं, आता बंद केलं. हे लिहून राहिली कारण माझी भाची शाळेतली तात्पुरती नोकरी सोडून हेच करायला निघाली आहे आणि घरातले सगळे तिला ‘कर, कर’ म्हणून राहिले. वही उघडून कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

ऑर्डरच्या दिवशी ४० वड्या. सांबार, बेसन, खोबऱ्याचा कीस, तीळ, खसखस (ती तर सोन्याच्या भावाने घ्यावी लागते), तेल, गॅस, डबे, सगळं धरून खर्च ४२० च्या आसपास. वडी २० ची, म्हणजे विक्री ८००. हातात ३८०. ऐकणाऱ्याला लगेच महिन्याचे अकरा हजार दिसतात. पण ऑर्डर रोज नसते. आठवड्याचे तीन दिवस धरा. महिन्याला १३ दिवस, हंगाम चार महिन्यांचा. वर्षाचे झाले १९,७६०.

आता वेळ. सांबार निवडायचा, तीनदा धुवायचा, पंख्याखाली पसरून कोरडा करायचा. ओला राहिला तर तळताना पारी फुटते आणि अख्खा घाणा वाया जातो. मग सारण, लाटणं, तळणं, त्रिमूर्ती नगरपर्यंत पोचवणं. साडेपाच तास. म्हणजे तासाला ६९ रुपये, तेही गरम तेलासमोर उभं राहून.

बंद केल्यावर दुसरी वही उघडली. घरातले तीन जुने पंखे ७५ वॅटचे होते, ते काढून ३० वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले. दिवसाला १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, तिघांचे ६०. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटच्या पायऱ्या आहेत, पायरी ओलांडली की वरच्या युनिटचा दर वाढतो. आमचं बिल मार्च ते ऑक्टोबर साडेतीनशे युनिटच्या आसपास असायचं, ते ३०० च्या खाली आलं. महिन्याला ७०० च्या वर उरायला लागले. पंखे नऊ हजारांचे, दीड वर्षात फिटले. दुसरं, आम्ही पाच घरं मिळून मार्चमध्ये कळमन्याच्या ठोक बाजारातून वर्षाचा गहू, तूरडाळ आणि मिरची आणतो. घरामागे तीन हजार वाचतात. जाण्यायेण्यात एक सकाळ जाते, बस्स.

दोन्ही मिळून वर्षाला साडेआठ हजार, घाम न गाळता. माझं म्हणणं एवढंच की आधी घरातली गळती थांबवा, आणि धंदा करायचाच तर स्वतःचे तास फुकट धरू नका.

दिघोरीची काकू

ताई, तुझी वही नीट आहे, पण तिच्यात एक रकाना कमी आहे. वाचलेले ७०० कुठे गेले ते मले दाखव. ते नवऱ्याच्या पगारात मिसळून जातात. महिन्याच्या शेवटी पगार जरा जास्त पुरला असं वाटतं, संपलं. माझे कमावलेले ७०० माझ्या खात्यात दिसतात. पोरीच्या पॉलिटेक्निकची पहिली फी मी भरली तेव्हा घरात मला विचारल्याशिवाय निर्णय व्हायचे थांबले. हे तुझ्या तासाच्या ६९ मध्ये कुठे बसवणार?

दुसरं म्हणजे, धंदा वाईट नाही, तू माल चुकीचा निवडला. सांबारवडी त्याच दिवशी खपली पाहिजे. गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा तळा, म्हणेल तिथे पोचवा. मी अकरा वर्षांपासून वाळवणाचं करते. कुरड्या, सरगुंडे, ज्वारीचे पापड, मूगवड्या. आपल्या गावाला मे महिन्यात ४५ डिग्रीचं ऊन पडतं. लोक त्याला शिव्या देतात, माझ्यासाठी ते फुकटचं भांडवल आहे. सकाळी सहाला गच्चीवर घातलेली कुरडई दुसऱ्या दिवशी खुळखुळते. वर्षभर टिकते. दिवाळीपर्यंत हळूहळू विकते, कोणाच्या मागे पळावं लागत नाही. ग्राहक घरी येऊन नेतात, पुण्यातल्या लेकीसुनांकडे पार्सल जातात.

तासाचा हिशोब केला तर माझाही फार नाही निघणार. पण दुपारी ते तास मी काय करणार होती? टीव्हीच ना?

वर्धमाननगर, हिशोबनीस

काकू, आदर ठेवून सांगतो, ‘दुपारी काय करणार होती’ हाच विचार बायकांची मेहनत स्वस्त करतो. माझ्याकडे छोट्या धंद्यांचे हिशोब येतात. नव्वद टक्के घरगुती धंद्यांत… नाही, आकडा मोजलेला नाही, मागे घेतो. एवढं सांगतो की माझ्याकडे आलेल्या बहुतेक वह्यांत मालकिणीची मजुरी हा खर्च लिहिलेलाच नसतो. उद्या तिचा हात दुखला आणि मदतनीस ठेवली की नफा गायब.

बाकीचेही खर्च असतात. खाण्याचा माल विकायचा तर घरून विकला तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. छोट्या धंद्याला फी वर्षाला फक्त १०० रुपये आहे, तरी करत नाहीत. घरगुती अनुदानाच्या सिलिंडरवर धंद्याचा माल तळता येत नाही, त्याला व्यावसायिक सिलिंडर आहे. तो लावून बघा, ताईंचे ३८० किती उरतात.

दिघोरीची काकू

नोंदणी आहे माझी. आणि कुरडईचा चीक शिजवायला मी वेगळं सिलिंडर घेते. सगळ्या बायका अडाणी नसतात, भाऊ.

पारडीहून

इथे सगळे गच्चीवाले आणि स्वतःच्या मीटरवाले बोलून राहिले, म्हणून लिहितो.

मी भाड्याने राहतो. मालकाने सबमीटर लावलंय, तो सगळ्यांकडून एकाच दराने पैसे घेतो. मी तीनदा पंखा बदलला तरी महावितरणच्या पायरीचा फायदा मला नाही, मालकाला आहे. गच्ची मालकाची. त्यामुळे छतावर सोलर बसवायच्या सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं हे वाचून मी काय करू? मार्चमध्ये वर्षाचा गहू घ्यायला एकरकमी वीस-बावीस हजार लागतात. माझ्याकडे महिन्याच्या वीस तारखेला दोन हजार उरत नाहीत. मी पाच-पाच किलो कणीक आणतो, सर्वात महाग पडते, मला माहीत आहे. बचत करायलाही आधी पैसा लागतो, ताई. ज्याच्याकडे आहे त्याचंच वाचतं.

म्हणून मी दिवसाच्या कामानंतर रात्री आठ ते बारा जेवणाची पार्सलं पोचवतो. चांगल्या दिवशी ४५० मिळतात, पेट्रोल १३० चं जातं. टायर आणि सर्व्हिसिंगचे रोजचे ३० बाजूला काढतो. उरले २९०. तासाला ७२. तुमच्या वडीएवढेच की. पण या २९० वर लेकराची ट्यूशन चालते, आणि पंखा बदलून ट्यूशनची फी निघत नसते.

वर्षाचं धान्य मी फक्त एकदा भरलं, गेल्या मार्चमध्ये. आमची बारा जणांची भिशी आहे, महिन्याला दीड हजार. चिठ्ठीत माझं नाव मार्चला निघालं, १८ हजार हातात आले. तेवढ्या एका वर्षी मी पण तुमच्यासारखा हुशार झालो.

गोकुळपेठ, निवृत्त

भिशीचं नाव आलं म्हणून राहवलं नाही. पारडीच्या भाऊ, तुमची भिशी नीट चालली याचा आनंद आहे. आमची वीस जणांची होती, ओळखीतलीच, बारा वर्षं चाललेली. तेराव्या वर्षी चालवणारा माणूस पहिले पाच हप्ते घेऊन नागपूर सोडून गेला. पोलिसांत गेलो तेव्हा पहिला प्रश्न, कागद कुठे? कागद नव्हता. भिशी म्हणजे चिट फंडच, त्याचा कायदा १९८२ चा आहे. त्याप्रमाणे नोंदणी नसेल तर आपल्याच पैशासाठी आपली बाजू लंगडी पडते. माझे पैसे गेले ते गेलेच, पण ज्या मित्राच्या शब्दावर मी शिरलो त्याच्याशी तेव्हापासून बोलणं नाही. ते जास्त लागतं.

पोस्टाची आरडी (दरमहा हप्त्याची ठेव) महिन्याला १०० रुपयांपासून होते. पाच वर्षांची मुदत. ऑक्टोबर २०२३ पासून व्याज ६.७ टक्के आहे, म्हणजे महिन्याला हजार टाकले तर ६० हजारांचे पाच वर्षांनी ७१ हजारांच्या वर होतात. हप्ता चुकला तर १०० मागे एक रुपया दंड. घरी फोन करून कोणी अपमान करत नाही.

पारडीहून

काका, तुमचं झालं ते वाईट झालं. पण आरडी मला तिसऱ्या महिन्यात १८ हजार देईल का?

गोकुळपेठ, निवृत्त

तिसऱ्या महिन्यात नाही देणार. बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, तीन वर्षांनी मोडताही येते. पहिलं वर्ष जड जातं, हे मान्य.

पारडीहून

ते पहिलं वर्षच तर कोणाजवळ नसतं, काका.

मिहानवाला

एवढी डोकेफोड कशाला? मोबाइलवर शेअर बाजारातले ऑप्शन्स शिका. माझा मित्र रोज ऑफिसला जाण्याआधी दीड-दोन हजार काढतो.

वर्धमाननगर, हिशोबनीस

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले आहेत. २०२१–२२ ते २०२३–२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. तुमच्या मित्राला सहा महिन्यांचं पूर्ण स्टेटमेंट मागा, एका सकाळचा स्क्रीनशॉट नको. पारडीच्या भाऊंसारख्या माणसाला हा सल्ला देऊ नका, कळकळीची विनंती आहे.

मानेवाड्याची ताई

पारडीच्या भाऊ, तुमचं वाचून मी माझी पोस्ट पुन्हा वाचली. सबमीटरचं माझ्या डोक्यातच नव्हतं. ‘आधी गळती थांबवा’ हे मी स्वतःचं घर, स्वतःचं मीटर धरून लिहिलं होतं. ते सगळ्यांना लागू नाही, मान्य करते. आमच्या पाच घरांच्या कळमन्याच्या खेपेत यंदा एक सहावं घर घ्यायचं आणि पैसे चार महिन्यांत फेडायचे, असं आम्ही करू शकतो. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना मी आजच विचारणार आहे. हे मला तुमच्यामुळे सुचलं.

पण काकू, तुमच्या एका वाक्याशी मी अजूनही भांडणार. दुपारचे तास रिकामे असतात म्हणून ते फुकट नसतात. त्या दोन हिवाळ्यांत मी मुलाच्या अभ्यासाजवळ बसले नाही, आईकडे इतवारीला गेले नाही. माझी आई त्यानंतरच्याच उन्हाळ्यात गेली. हा रकाना माझ्या वहीत आहे, आणि तो मी कोणत्याच आकड्याने भरू शकत नाही. तुमच्या खात्यातल्या पैशाने तुम्हाला घरात मान मिळाला, ते खरं आहे आणि मोठं आहे. पण बाईला मान मिळायला आधी अकरा उन्हाळे गच्चीवर भाजून घ्यावं लागतं, हे भाचीला सांगताना माझी जीभ अडखळते.

दिघोरीची काकू

आईचं वाचून वाईट वाटलं गं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मान असा मिळायला नको, तुझं बरोबर आहे. पण मिळतो असाच, आणि मी वाट पाहत बसली असती तर पोरीचं पॉलिटेक्निक झालं नसतं. दोन्ही खरं आहे.

भाचीला नोकरी सोडू देऊ नको. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते आणि वाळवणाचा हंगाम तोच आहे. वडीसाठी नोकरी सोडावी लागते, कुरडईसाठी नाही लागत. मी आज गहू भिजत घातलेत. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, रविवारी पहाटे चीक शिजवणार. तिला पाचला पाठव. वही घेऊन येऊ दे, चुलीपासून गच्चीपर्यंतचा एकेक तास तिनेच लिहावा, मी मध्ये बोलणार नाही.

मानेवाड्याची ताई

पाठवते. मीही येते तिच्यासोबत. सोऱ्या आणू का?

दिघोरीची काकू

आण, पितळी असेल तर. माझ्या एकाची चकती झिजली आहे.