मदत हवी आहे: टाक्यांवर क्लोरहेक्सिडिनचं (जंतुनाशक) जेल की गुळणी?
अक्कलदाढ काढल्यावर घातलेले ३-० जाडीचे रेशमी टाके सातव्या दिवशी काढताना गाठीवर पिवळट, चिकट थर हमखास दिसतो. विणलेला धागा वातीसारखा लाळ आणि जिवाणू आत ओढतो. पहिले २४ तास चूळ नाही, नाहीतर रक्ताची गुठळी निघते. मग ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. तेही पेस्टने दात घासल्यावर अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधलं फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट त्याचा परिणाम मारतं. तरी मागच्या गाठीखाली गुळणी पोहोचतच नाही. तिथे १ टक्का जेल बोटाने लावणं मला पटतं, पण टाका ओढला जायची धास्ती वाटते. जेल कुणी देतं का? कितव्या दिवसापासून, किती? आणि विरघळणारे पॉलिग्लॅक्टिनचे टाके रोजच्या गुळण्यांनी लवकर सैल पडतात का?